विल्यम क्रूक्स: वेल्डरच्या काळ्या काचेमागचा शास्त्रज्ञ

वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात भरदुपारी फेरी मारली, तरी कुठल्या ना कुठल्या गाळ्यातून निळसर-पांढरा झगझगीत उजेड चमकताना दिसतो. कुठे ग्रील आणि गेटचं फॅब्रिकेशन चालू असतं, कुठे एखाद्या मशीनची फ्रेम जोडली जात असते. तो उजेड आणि त्याच्यासमोर बसलेल्या माणसाचे डोळे, या दोहोंच्या मध्ये असते फक्त एक गडद काच. हेल्मेटमध्ये बसवलेली किंवा हातात धरायच्या शील्डमध्ये अडकवलेली.

ही काच नुसती काळी असून भागत नाही. डोळ्याला दिसणारा उजेड कमी करणं हे तिचं एक काम झालं. डोळ्याला न दिसणारे, पण डोळ्याचं नुकसान करणारे किरण अडवणं हे तिचं त्याहून मोठं काम. काचेत कोणता धातू मिसळला की कोणते किरण अडतात, याचा पद्धतशीर शोध शंभरहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने घेतला. त्यांचं नाव सर विल्यम क्रूक्स.

या माणसाने एक मूलद्रव्य शोधलं, क्ष-किरणांच्या शोधाला लागणारी नळी तयार केली, हेलियमच्या शोधावर शिक्कामोर्तब केलं आणि मधली काही वर्षं भुताखेतांच्या प्रयोगांतही घालवली. काचेच्या कामाला त्यांनी हात घातला, तेव्हा त्यांचं वय होतं 77 वर्षं.

शिंप्याचा मुलगा

विल्यम क्रूक्स यांचा जन्म 17 जून 1832 रोजी लंडनमध्ये झाला. वडील जोसेफ हे शिंपीकामाच्या धंद्यात चांगला जम बसवलेले गृहस्थ. घरात भावंडांची मोठी फौज होती. घरची परिस्थिती खाऊनपिऊन सुखी असली, तरी विज्ञानाची परंपरा वगैरे काही नव्हती.

1848 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत दाखल झाले. तिथे ऑगस्ट हॉफमन हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ शिकवत. काही काळातच क्रूक्स त्यांचे सहायक झाले. पुढे ऑक्सफर्डच्या वेधशाळेत हवामानाच्या नोंदी ठेवण्याचं काम आणि चेस्टरच्या अध्यापक विद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्याची नोकरी, अशी वळणं घेत ते पुन्हा लंडनला आले.

विद्यापीठातली मोठी खुर्ची त्यांना कधीच मिळाली नाही. त्यांनी घरातच प्रयोगशाळा थाटली. 1859 मध्ये त्यांनी 'केमिकल न्यूज' हे साप्ताहिक सुरू केलं आणि ते कित्येक दशकं चालवलं. लेखन, संपादन, कारखान्यांना सल्ला देणं यातून पैसा यायचा आणि तो प्रयोगांत जायचा.

एका हिरव्या रेघेने बदललेलं आयुष्य

त्या काळात रसायनशास्त्रात एक नवं हत्यार आलं होतं. पदार्थ ज्योतीत तापवायचा आणि त्याचा उजेड लोलकातून पाहायचा. प्रत्येक मूलद्रव्याच्या रंगीत रेघा ठरलेल्या असतात, माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या. अनोळखी रेघ दिसली, म्हणजे अनोळखी मूलद्रव्य.

1861 मध्ये सल्फ्युरिक अॅसिडच्या कारखान्यातला गाळ तपासताना क्रूक्स यांना एक लखलखीत हिरवी रेघ दिसली. आधी कुणीही न नोंदवलेली. कोवळ्या हिरव्या फांदीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्या मूलद्रव्याचं नाव ठेवलं थॅलियम. फ्रान्समध्ये क्लोद-ऑग्युस्त लामी यांनीही त्याच सुमारास हे मूलद्रव्य वेगळं काढलं आणि श्रेय कुणाचं यावरून वाद रंगला. पण क्रूक्स यांचं नाव झालं. 1863 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

उजेडाचं पृथक्करण करण्याची ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली. पुढे काचेच्या कामातही तीच उपयोगी पडली.

भाऊ गेला आणि क्रूक्स आत्म्यांच्या मागे लागले

1867 मध्ये त्यांचा धाकटा भाऊ फिलिप समुद्रात टेलिग्राफची केबल टाकण्याच्या मोहिमेवर असताना पिवळ्या तापाने गेला. त्याचं वय जेमतेम एकवीस-बावीस. क्रूक्स यांना हा धक्का मोठा होता. मेलेल्या माणसांशी संपर्क साधून देतो असं सांगणाऱ्या 'माध्यमां'कडे ते याच काळात वळले.

1870 ते 1874 या काळात त्यांनी डॅनियल होम आणि फ्लॉरेन्स कुक यांच्यासारख्या त्या काळच्या गाजलेल्या माध्यमांवर प्रयोग केले आणि यात काहीतरी तथ्य आहे असं जाहीरपणे लिहिलं. सहकारी शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. फ्लॉरेन्स कुक नंतर लबाडी करताना पकडली गेली. तरीही क्रूक्स यांनी आपलं मत कधी पूर्णपणे मागे घेतलं नाही.

त्यांच्या चरित्रातला हा भाग लपवण्यासारखा नाही आणि त्यावरून बाकीचं काम मोडीत काढण्यासारखंही नाही. प्रयोगशाळेत काटेकोर असलेला माणूसही दुःखात किती सहज फसू शकतो, हे यातून दिसतं.

पोकळ नळीतून निघालेलं शतक

थॅलियमचा अणुभार काढण्यासाठी क्रूक्स हवा काढून टाकलेल्या पेटीत वजनं करत होते. तेव्हा पदार्थ गरम असला की तराजू किंचित चुकतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून 1870च्या दशकात रेडिओमीटर जन्माला आला. काचेच्या फुग्यात चार छोटी पाती, एका बाजूने काळी आणि दुसऱ्या बाजूने चकचकीत. उजेड पडला की पाती गरगर फिरतात. विज्ञान केंद्रांत हे खेळणं आजही पाहायला मिळतं.

हवा काढून टाकण्याच्या कामात ते पुढे आणखी तरबेज झाले. नळीतली हवा जवळजवळ संपवून त्यातून वीज सोडली, की नळीच्या काचेवर हिरवट चकाकी येते. मध्ये धातूचा क्रॉस ठेवला तर मागच्या काचेवर त्याची सावली पडते. म्हणजे नळीतून काहीतरी सरळ रेषेत धावतंय. 1879 मध्ये शेफिल्डच्या व्याख्यानात त्यांनी हे प्रयोग दाखवले, तेव्हा बरीच खळबळ माजली.

अशाच प्रकारच्या नळ्या वापरून 1895 मध्ये विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि 1897 मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन ओळखला. क्रूक्स यांच्या प्रयोगशाळेतल्या फोटोच्या काचा त्याआधीच विनाकारण काळ्या पडत होत्या आणि त्यांनी त्या खराब माल म्हणून परत केल्या होत्या, असं सांगितलं जातं. न दिसणारे किरण त्यांच्या हाताशी होते, पण ते ओळखण्याचा मान दुसऱ्याला मिळाला.

विजयदुर्ग, हेलियम आणि क्रूक्स यांची साक्ष

क्रूक्स यांच्या गोष्टीचा एक धागा थेट सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्याशी जोडलेला आहे.

18 ऑगस्ट 1868 रोजीचं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जूल्स जान्सेन यांनी गुंटूरहून त्याचं निरीक्षण केलं. सूर्याच्या उजेडात एक पिवळी रेघ आढळली. ती सोडियमची नव्हती. नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून ऑक्टोबर 1868 मध्ये ती तपासली आणि सूर्यावर एक नवं मूलद्रव्य आहे असा दावा केला. तेच हेलियम.

1868 मध्ये लॉकियर विजयदुर्गावर होते, अशी समजूत कोकणात आहे. प्रत्यक्षात ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गला ते आले 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' म्हणून दाखवले जाणारे चौथरे या ग्रहण-निरीक्षणांची आठवण जपतात.

मधली जवळपास सत्तावीस वर्षं हेलियम पृथ्वीवर कुणी पाहिलंच नव्हतं. अनेकांचा त्यावर विश्वासही नव्हता. मार्च 1895 मध्ये विल्यम रॅम्से यांना युरेनियमच्या एका खनिजातून अनोळखी वायू मिळाला. हा नक्की कोणता, हे तपासायला त्यांनी नमुना पाठवला क्रूक्स यांच्याकडे. क्रूक्स यांनी रेघेचं मोजमाप केलं आणि ती सूर्यातली पिवळी रेघच असल्याचं कळवलं. हेलियम पृथ्वीवर सापडल्याची ती खात्रीची साक्ष होती.

योगायोग असा, की हा हेलियम वायू आज काही प्रकारच्या टिग वेल्डिंगमध्ये, तापलेल्या जोडाला हवेपासून वाचवण्यासाठीही वापरतात.

भट्टीसमोरचे कामगार

1897 मध्ये क्रूक्स यांना सर ही पदवी मिळाली. 1898 मध्ये ब्रिस्टलच्या भाषणात त्यांनी इशारा दिला, की हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवता आलं नाही, तर जगाला गहू पुरणार नाही. एव्हाना ते साठी ओलांडलेले, मानमरातब मिळालेले शास्त्रज्ञ होते. आता आराम करता आला असता.

पण काचेच्या कारखान्यांमधून एक तक्रार सातत्याने येत होती. बाटल्या बनवणारे कामगार तासन् तास भट्टीच्या तोंडाशी उभे राहायचे आणि त्यांना ऐन कामाच्या वयात मोतीबिंदू व्हायचा. हातात कसब होतं, पण नजर गेली की रोजगार गेला. हा आजार कामामुळे होतो का आणि तो रोखता येईल का, हे तपासायला रॉयल सोसायटीने 1908 मध्ये समिती नेमली. क्रूक्स त्या समितीत होते.

तळेगाव दाभाड्याला लोकांच्या एकेका पैशाच्या वर्गणीतून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तोही याच 1908 साली. म्हणजे भट्टीसमोर उभं राहून काच फुंकणारे हात आता महाराष्ट्रातही होते.

तीनशेहून अधिक काचा

क्रूक्स यांनी 1909 मध्ये काम सुरू केलं. प्रश्न सोपा वाटतो, पण होता अवघड. वितळलेल्या काचेतून येणाऱ्या किरणांपैकी फार मोठा भाग उष्णतेच्या, म्हणजे अवरक्त किरणांचा असतो. ते दिसत नाहीत, पण डोळ्याच्या आत पोचतात. काळी कुट्ट काच दिली तर कामगाराला कामच दिसणार नाही आणि तो ती काढून ठेवेल. साधी फिकट काच दिली तर उष्णता आत जाईल.

म्हणून त्यांना अशी काच हवी होती, जी उष्णता अडवेल, अतिनील किरण अडवेल आणि तरीही पुरेसं दिसू देईल. वेगवेगळ्या धातूंची ऑक्साइड वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून त्यांनी तीनशेहून अधिक काचा तयार केल्या आणि प्रत्येक काच किती उजेड, किती उष्णता आणि किती अतिनील किरण सोडते ते मोजलं.

यातून स्पष्ट चित्र मिळालं. सेरियम मिसळलं की काच अतिनील किरण अडवते आणि तिचा रंग फारसा बदलत नाही. विशिष्ट रूपातलं लोखंड मिसळलं की उष्णता अडते, पण काचेवर हिरवट झाक येते. सगळी कामं एकटा धातू करत नाही. मिश्रण साधावं लागतं. नोव्हेंबर 1913 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, त्यांनी हे संशोधन रॉयल सोसायटीसमोर मांडलं. त्याच वर्षी ते सोसायटीचे अध्यक्षही झाले.

त्यांच्या नावाने चष्म्याच्या काचा पुढे बाजारात आल्या. 1916 मध्ये पत्नी एलेन गेल्या. 4 एप्रिल 1919 रोजी लंडनमध्ये क्रूक्स यांचं निधन झालं.

काळी काच म्हणजे नेमकं काय?

क्रूक्स यांच्या समोर भट्टी होती. वेल्डरसमोर विजेची ठिणगी असते आणि तिच्यात अवरक्त किरणांच्या जोडीला अतिनील किरणांचाही जोरदार मारा असतो. त्यामुळे क्रूक्स यांच्या तिन्ही अटी वेल्डिंगच्या काचेला जास्तच लागू पडतात.

अतिनील किरणांमुळे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला भाजल्यासारखी इजा होते. तेव्हा काहीच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुतेक वेळा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. हा त्रास साधारण एक-दोन दिवसांत उतरतो. बटाट्याच्या चकत्या किंवा गुलाबपाणी हे त्यावरचं औषध नाही. दुखणं थांबलं नाही किंवा अंधुक दिसू लागलं, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. पण वारंवार होणारा मारा साठत जातो. वेल्डिंगमधले अतिनील किरण कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने म्हटलं आहे. त्यात डोळ्याच्या कर्करोगाचाही समावेश आहे.

नुसता गॉगल लावून वेल्डिंग करणं यासाठीच धोक्याचं. गडद काचेमागे बाहुली मोठी होते. काच अतिनील किरण अडवत नसेल, तर ते उघड्या डोळ्यापेक्षाही जास्त प्रमाणात आत शिरतात.

कोणत्या कामाला कोणता नंबर?

काचेवर लिहिलेला नंबर म्हणजे तिचा गडदपणा. 10 नंबरची काच दिसणाऱ्या उजेडाचा साधारण सात हजारावा भाग आत सोडते. पुढच्या प्रत्येक नंबरला हा उजेड आणखी पावणेतीन पटींच्या आसपास कमी होतो.

• गॅस वेल्डिंग: साधारण 4 ते 6 नंबर.
• रॉडने वेल्डिंग, 60 ते 160 अँपिअर: 10 नंबर. ग्रील-गेटच्या कामात वापरला जाणारा 3.15 मिलिमीटरचा रॉड बहुतेक वेळा याच टप्प्यात चालतो.
• रॉडने वेल्डिंग, 160 ते 250 अँपिअर: 12 नंबर.
• मिग वेल्डिंग, 60 ते 160 अँपिअर: 11 नंबर. 160 ते 250 अँपिअरला 12.
• टिग वेल्डिंग, 50 ते 150 अँपिअर: 12 नंबर.

सोपा नियम असा: आधी जास्त गडद काच लावा. जोड नीट दिसत नसेल तर एकेक नंबर खाली या. काम संपल्यावर डोळ्यांसमोर ठिपके तरंगत राहिले, तर काच कमी पडते आहे.

साधं हेल्मेट की ऑटो-डार्कनिंग?

साध्या हेल्मेटची अडचण सगळ्या वेल्डरना माहीत आहे. ठिणगी पडेपर्यंत काचेतून काहीच दिसत नाही. त्यामुळे टॅक मारताना हेल्मेट वर करून, डोळे मिटून रॉड टेकवण्याची सवय लागते. पापणी काही काच नव्हे. दिवसाकाठी अशा पन्नास टॅक मारल्या तर मारा मोठा होतो.

यावरचा उपाय स्वीडनमध्ये 1981 साली बाजारात आला. ऑटो-डार्कनिंग हेल्मेटची काच एरवी फिकट असते आणि ठिणगी पडताच डोळ्याची पापणी लवण्याच्या कितीतरी आधी गडद होते. चांगल्या काचेत अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर कायम असतो, काच गडद होवो वा न होवो. स्वस्त, मानांकन नसलेल्या मालात नेमक्या याच गोष्टीची खात्री नसते. त्यामुळे घेताना मानांकनाची खूण तपासावी. भारतात वेल्डिंगच्या डोळे-चेहरा संरक्षक साधनांसाठी आयएस 1179 हे मानक आहे. युरोपीय किंवा अमेरिकी मानकांचे शिक्केही मालावर दिसतात.

वजनही पाहावं. मान अवघडली की माणूस हेल्मेट काढून ठेवतो आणि काढून ठेवलेलं हेल्मेट कितीही भारी असलं तरी निरुपयोगी.

निगा कशी राखायची?

• गडद काचेपुढची पारदर्शक काच ठिणग्या झेलण्यासाठीच असते. ती ठिपक्यांनी भरली की बदला.
• गडद काचेला तडा गेला असेल, तर तिला चिकटपट्टी लावून काम चालवू नका.
• ऑटो-डार्कनिंगचे सेन्सर धूळ-काजळीपासून मोकळे ठेवा. झाकले गेले तर काच गडद होणार नाही. पुसायला मऊ कापड वापरा, थिनर किंवा पेट्रोल नको.
• काम सुरू करण्याआधी टेस्ट बटण असेल तर दाबून पाहा. बॅटरी वेळेवर बदला.
• हेल्मेटच्या आत पारदर्शक सेफ्टी चष्मा घाला. जोडावरचा कीट हातोडीने उडवताना हेल्मेट वर असतं आणि कण डोळ्यात जातात ते तेव्हाच.
• हेल्परला विसरू नका. शेजारी नळी धरून उभ्या असलेल्या पोराच्या डोळ्यांवरही तोच उजेड पडतो. त्यालाही काच द्या आणि कामाभोवती पडदा लावा.

1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 35 मध्ये अशा कामासाठी गॉगल किंवा आडोसा पुरवण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली होती. पण अशा कायद्यांची कक्षा कामगारांच्या संख्येवर ठरते. दोन-चार माणसांचे छोटे गाळे त्यातून सहज सुटतात. तिथे हेल्मेट आणायचं की नाही, हे शेठ आणि कारागीर यांच्या मर्जीवर राहतं. हेल्मेटला लागणारा पैसा आणि कारागिराची नजर यांची तुलना शेवटी तिथल्या तिथेच करावी लागते.